वस्तू जागेवर परत ठेवली

१

ठकीचे बाबा कामावर गेले आणि सासूबाईंचा दुसरा चहा झाला, की ती ठकीला काखेत घेऊन समोरच्या दुकानात जायची. हा रोजचा नेम. फार काही आणायचं नसे. दूध, पाव, कधी साबणाची वडी. पण दिवसभर घरात सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघत बसण्यापेक्षा तेवढाच जिवाला मोकळा वारा.

पूर्वी त्या जागी एका म्हाताऱ्याचं दुकान होतं. साखर मागितली की तो आधी ठकीला जीभ काढून दाखवायचा, मग साखर जोखायचा. तो गेला, दुकान पाडलं, आणि तिथं हे नवं उभं राहिलं. नुसती काच आणि उजेड. गल्ल्यावर माणूस नाही, मुळात गल्लाच नाही. दारात फोन दाखवायचा, हवं ते उचलायचं आणि चालू पडायचं. छताला काळ्या बटणांसारखे कॅमेरे. फळीच्या कडेला काडेपेटीएवढा पडदा, त्यावर वस्तूचं नाव, शेजारी बारीक दिवा. वस्तू उचलली की दिवा लुकलुकायचा, परत ठेवली की हिरवा व्हायचा. एक डबा उचलला की मागून दुसरा सर्रकन घसरत पुढं यायचा. मागून फळ्या कोण भरतं, ते कधी कुणाला दिसलं नाही.

"सातवी शिकलेलीला हे झेपायचं नाही," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. तिलाही तसंच वाटलं होतं. पण आठवड्याभरात जमलं. उलट आवडायला लागलं. कारण दुकानातली ट्रॉली बोलायची. दांड्याला हात लावला की गोड आवाजात म्हणायची, "नमस्कार. आज तुम्ही दोघी." घरात तिला धड एक म्हणून कुणी धरत नव्हतं. इथं लेकीसकट मोजलं जायचं.

त्या दिवशी ट्रॉलीच्या बैठकीत ठकीचा पाय अडकला. मोजा कुठल्याशा खाचेत गुंतला आणि ती किंचाळायला लागली. किंचाळली तशी हिच्या छातीत दूध दाटून आलं. ते नेहमीचंच. ठकी रडली की हिचे कपडे भिजायचे, मग ही मोरीत असो की जिन्यात. शेजारचं पोर गळा काढून रडलं तरी ही कोरडी. ठकीचे बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. ते हसून म्हणायचे, "तुझ्यात पण सेन्सर बसवलाय. आणि आमच्या लिफ्टपेक्षा पक्का."

तिनं पाय सोडवला, पोर उचललं. बैठकीची खाच मोकळी करायला दोन्ही हात लागणार होते. बाळांच्या वस्तूंची रांग होती ती. खालून दुसरी फळी रिकामी होती. तिनं ठकीला तिथं टेकवलं. क्षणभर. डोळा तिच्यावरच होता.

फळीचा दिवा हिरवा झाला.

"एक वस्तू जागेवर परत ठेवली," ट्रॉली म्हणाली. "धन्यवाद."

तिला हसूच आलं. ठकीला उचलून तिनं तिच्या गालाचा मुका घेतला आणि दुधाच्या रांगेकडे वळली. घरी सांगायला गंमत झाली, असं तिला वाटलं.

२

बाहेर पडताना दारातला दिवा लाल झाला आणि काच अर्ध्यात थांबली. ती अर्धी बाहेर, ठकी काखेत, ठकीचा पाय काचेच्या कडेला लागलेला. ट्रॉली मागून म्हणत होती, "पुन्हा या. आज तुम्ही एकट्या आलात."

रखवालदार उठून आला. आडदांड माणूस, रोज बघून न बघितल्यासारखा. त्यानं पिशवी उघडून बघितली. दूध, पाव. दोन्हींचे पैसे गेलेले.

"मग अडवतंय कशाला हे?" तो म्हणाला. मग त्याची नजर ठकीवर गेली आणि तिथंच राहिली. "ही कुठून घेतली?"

"काय म्हणालात?"

"नाही, म्हटलं, हिला कुठून घेतलंत. कुठल्या रांगेतून."

"पोटातून," ती म्हणाली. आवाज चढला होता तिचा. "माझी मुलगी आहे. रोज येते माझ्याबरोबर. रोज बघता तुम्ही."

"असेल," तो म्हणाला. "मशीन कधी कधी येड्यासारखं करतं. जा तुम्ही." पण वाटेतून बाजूला व्हायला त्यानं जरा वेळच लावला.

घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, ठकीच्या डाव्या पायातला मोजा नाही.

३

त्या दुकानानं प्रत्येक घराला एक बोलकी डबी फुकट दिली होती. स्वयंपाकघरात कट्ट्यावर ठेवायची. काही संपलं की तिला सांगायचं, सामान घरी येतं. रोज संध्याकाळी डबी विचारायची, "बाळासाठी काही हवंय का?" त्या संध्याकाळी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंना ते बरंच वाटलं. "मेली सारखी भुंकायची," त्या म्हणाल्या.

मग बोळातला दिवा. खोलीतून स्वयंपाकघरात जायला लहानसा बोळ होता आणि तिथं कुणी पाऊल टाकलं की आपोआप लागणारा दिवा. त्याच दुकानातून आणलेला, डबीशी जोडलेला. ठकी रांगायला लागल्यापासून तो तिच्यासाठीही लागायचा आणि ती थांबून वर बघून खिदळायची. आता ठकी अंधारात रांगत जायला लागली. मध्येच थांबायची, वर बघायची, वाट बघायची. आणि तशीच पुढं जायची.

"अहो, दिवा ठकीला लागत नाही," तिनं नवऱ्याला सांगितलं.

"खालून जाणारं पोर दिसत नाही त्याला. सेन्सर छातीच्या उंचीचा असतो."

"आधी लागायचा."

"मग धूळ बसली असेल." त्यांनी स्टुलावर चढून फडक्यानं तो पुसला. मग खात्री करायला ठकीचा चेंडू बोळातून घरंगळत सोडला. दिवा लखकन लागला. "बघ. झाला."

चेंडूच्या मागे ठकी रांगत निघाली. दिवा विझला.

ठकीच्या बाबांनी फडकं झटकून घडी घातली. "उद्या वायर बघतो," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तिनं काढला की रेडिओचा आवाज वाढवायचे.

आपण घाबरट आहोत हे तिला ठाऊक होतं. ठकीला जरा शिंक आली तरी ती कपाळाला हात लावून बघायची, झोपेत नाकापुढं बोट धरायची. सगळे हसायचे. म्हणून तिनं स्वतःला बजावलं, यंत्रांना दिसलं नाही म्हणून पोर काही कमी होत नाही. आपल्याला दिसतं ना. झालं तर.

४

फोनवर दुकानाचा निरोप आला. आधी चित्र. खालून दुसरी फळी, बाळांच्या वस्तूंची रांग. फळी रिकामी, आणि तिच्या मधोमध ठकीचा मोजा. खाली लिहिलेलं: तुम्ही परत ठेवलेली वस्तू अजून जागेवर आहे. पुन्हा विचार करणार का?

मोजा सापडला एकदाचा, असं ती मनाशी म्हणाली. जीव भांड्यात पडावा म्हणून म्हणाली, पण पडला नाही.

दुसरा निरोप आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. आणखी काही जण ही वस्तू पाहत आहेत.

तिनं फोन उलटा ठेवला. मग गॅलरीतून खाली बघितलं. रस्ता रोजच्यासारखाच होता. फक्त दुकानासमोरच्या पदपथावर एक बाई उभी होती. चांगल्या कपड्यांतली, हातात रिकामी पिशवी. ती वर बघत होती, आणि बघायचं लपवत नव्हती. आपण भाजीकडे बघतो ना, घ्यावी की न घ्यावी, तसं.

दुपारी ठकीला घेऊन ती जिन्यानं खाली उतरली तर दुसरीच एक बाई वाटेत आली. ओळख ना पाळख. "किती गोड आहे," असं तोंडानं म्हणत तिनं ठकीचं मनगट धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. अंगठ्यानं गाल दाबून बघितला. मग कानामागचे केस बाजूला केले.

"काय बघताय तुम्ही?"

"काही नाही हो," ती बाई म्हणाली. "तीळ आहे म्हणून लिहिलं होतं. आहे खरंच."

हिनं पोर ओढून घेतलं. बाई निघूनही गेली, रागावली नाही, वळूनही बघितलं नाही. ठरवून टाकलेल्या माणसासारखी झपाझप चालत गेली.

संध्याकाळी तिसरा निरोप आला. ही वस्तू एका ग्राहकासाठी राखून ठेवली आहे.

५

दुसऱ्या दिवशी तिनं ठकीला सासूबाईंकडे ठेवलं आणि एकटीच दुकानात गेली. रखवालदारानं दार उघडून धरलं. आजवर कधी धरलं नव्हतं.

मोजा फळीवर होता तसाच. फळीच्या पडद्यावर मात्र आता मजकूर होता. मुलगी. रांगते. डाव्या कानामागे तीळ. फक्त एकच शिल्लक. तिनं मोजा उचलायला हात घातला, तर तो फळीला चिकटल्यासारखा निघेचना. जोर केला तसा पडदा लाल झाला आणि कुठून तरी वरून आवाज आला, "राखीव वस्तूला हात लावू नये."

मदतीच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. नखं बघत होती. हिनं सगळं सांगितलं, अडखळत, दोनदा मागंपुढं करत.

"अच्छा, चुकून परत ठेवलीत," मुलगी म्हणाली. "सोपं आहे मॅडम. त्याच जागेवर पुन्हा ठेवायची, दिवा हिरवा झाला की उचलायची. तुमच्या खात्यावर परत येते. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो."

"अहो, वस्तू नाही. माझी पोरगी आहे."

"हो, तेच." मुलीनं मान वर केली नाही. "जशी होती तश्शी ठेवा. तेव्हा जे अंगावर होतं तेच. वजनात फरक पडला की घेत नाही ते."

"आणि नाहीच ठेवली तर?"

आता मुलीनं वर बघितलं. डोळ्यांत दमलेपण होतं आणि त्याखाली, क्षणभर, वेगळंच काहीतरी. जणू बोलू की नको. "राखून ठेवलीये ना कुणीतरी," ती हळूच म्हणाली. "मग आणायला माणूस जातो, मॅडम. आजच करून टाका."

ती जवळजवळ धावतच घरी आली. दारात सासूबाई. ठकी त्यांच्या कडेवर, बोट चोखत. तिनं हात पुढं करून पोर घेतलं.

"अगं, कोण तो मेला आला होता," सासूबाई म्हणाल्या. "पांढरी गाडी घेऊन. म्हणे, तुमच्याकडे परत न्यायची वस्तू आहे. मी म्हटलं, आमच्याकडे काही नाही बाबा. तर हिच्याकडे बोट दाखवून म्हणतो, हीच ना? तेवढ्यात हिनं भोकाड पसरलेलं. मी म्हटलं, ने बाबा, ने एकदाची, डोकं उठवलंय नुसतं."

"तुम्ही असं म्हणालात?"

"चेष्टेत गं. त्याच्या हातात ते चपटं यंत्र होतं, त्यात टिकटिक झालं. 'उद्या नेतो' म्हणाला आणि गेला. तू काय अशी बघतेस? नेली का त्यानं? ही काय, आहे."

६

तिनं नवऱ्याला फोन लावला. मागे लोखंडाचा खणखणाट चालू होता.

"ती मुलगी सांगते तसं कर आणि मोकळी हो," ते म्हणाले. "लिफ्ट अडकली की आम्ही तरी काय करतो? बंद करतो, पुन्हा चालू करतो. यंत्राला एकदा नव्यानं मोजू द्यायचं. बास."

"तुम्ही या ना."

"चौदाव्या मजल्यावर लटकलोय मी. अगं, फळीवर ठेवायचं आणि उचलायचं. त्यात काय आहे?"

खरंच, त्यात काय होतं. तिनं ठकीला त्याच दिवशीचा झबला घातला. उजव्या पायात मोजा चढवला. डावा पाय उघडा ठेवला, कारण जशी होती तशी.

दुकानात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. उजेड मात्र रोजच्यापेक्षा जास्त वाटला. ट्रॉलीला हात लावला. "नमस्कार. आज तुम्ही एकट्या." ठकी दांड्यावर थाप मारत होती.

फळीवरचा मोजा आता नव्हता. कुणी काढला, कधी काढला, कळायला मार्ग नाही. तिनं खाली वाकून फळीच्या आत बघितलं. नुसता अंधार. मागच्या बाजूला कुठं भिंत लागते ते दिसलं नाही. गार वारा मात्र येत होता, आणि त्याला दुधाचा वास होता.

तो दुधाच्या रांगेकडून येत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. दुधाची रांग दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होती.

तिनं ठकीला फळीवर ठेवलं. दोन्ही हात तिच्या काखेत तसेच धरून.

दिवा लागला नाही.

"कृपया हात काढा," ट्रॉली म्हणाली.

तिनं एक हात काढला. दिवा नाहीच. ठकी तिच्याकडे बघत होती, खालचा ओठ बाहेर काढून, आता रडू की नंतर असा विचार करत.

"कृपया हात काढा."

उद्या पांढरी गाडी येणार होती. सासूबाई दार उघडणार होत्या. काढावाच लागणार होता हात, आणि तिनं तो काढला. पूर्ण नाही, बोटभर अंतरावर नेला, आणि डोळे ताणून धरले. पापणी लववायची नाही.

दिवा हिरवा झाला. फळीच्या आतून आवाज आला, सर्रकन.

पापणी लवली तिची. कोण थांबवणार पापणीला?

तिनं झडप घालून पोर उचललं आणि छातीशी आवळलं. ऊबदार होतं ते. तोच झबला, तीच टाळूवरची बट. तिच्या कानात फुर्र करून हसलंसुद्धा.

"एक वस्तू घेतली," ट्रॉली म्हणाली. "धन्यवाद. आज तुम्ही दोघी."

७

दार झटक्यात उघडलं. रखवालदारानं पेंगत मान हलवली. बोळात ठकीला सोडलं, तर दिवा लखकन लागला, आणि ती गेली तिथवर लागून राहिला. डबी बोलली, "बाळासाठी काही हवंय का?" सासूबाई म्हणाल्या, "सुरू झाली परत भुंकायला." ठकीच्या बाबांचा फोन आला, त्यांना सगळं सांगितलं. "बघ," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला ताण सैल झालेला तिला कळला. म्हणजे त्यांनाही होता तर.

तिला हलकं वाटलं. इतकं, की ती भांडी घासताना गुणगुणली. मग ठकीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. झबल्याची नाडी सोडली. दिवसभराची धूळ, म्हणून पाय पुसायला घेतले.

उजव्या पायातला मोजा काढला. डाव्या पायातला काढला.

दोन मोजे हातात धरून ती बसली. एकाच लोकरीचे, एकाच विणीचे. तिनं स्वतःच विणलेले, टाचेला एक टाका चुकलेला. दोन्हींच्या टाचेला. तिनं पुन्हा बघितलं. ती वीण चुकली होती तेव्हा तिला राग आला होता, आणि दुसरा मोजा तिनं मुद्दाम सावकाश, न चुकता विणला होता.

गोंधळ झाला असेल, असं तिनं म्हणून बघितलं. दुकानातल्यांनीच घातला असेल. कधी घातला असेल? कानामागचे केस बाजूला केले. तीळ होता. जिथं हवा तिथंच. तिनं बोट ओलं करून तो चोळला, आणि चोळता चोळता थांबली, कारण पोर तिच्याकडे अगदी शांतपणे बघत होतं. रांगून दमलेलं, भुकेच्या वेळेचं पोर असं बघत नाही.

तिनं ते पदराखाली घेतलं. त्यानं तोंड लावलं नाही. मग एकाएकी चेहरा वेडावाकडा करून रडायला लागलं, मोठ्यानं, हुबेहूब ठकीसारखं, तोच सूर, तीच मध्ये लागणारी उचकी.

"अगं, भूक लागलीये तिला, पाज ना," आतून सासूबाई म्हणाल्या.

ती वाट बघत बसली. पोर रडत होतं आणि तिची छाती कोरडी होती. शेजारच्या घरातलं पोर रडावं तशी.

खाली रस्त्यावर पांढरी गाडी दुकानाच्या मागच्या बाजूनं निघाली. घाई नव्हती तिला. वळणावर थांबली, पुढच्यांना जाऊ दिलं. काचा बंद होत्या. वरपर्यंत काही ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि मांडीवरचं पोर तर कानाशीच किंचाळत होतं.

खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला फोन थरथरला. राखून ठेवलेली वस्तू ग्राहकाकडे निघाली आहे.

गाडी वळली. आणि तिच्या अंगावरचे कपडे, काही न ऐकता, भिजायला लागले.